पेन्शनीत पैसे घालण्याआधी

प्रस्तावना

‘आणखी थोडे पैसे भरले, तर पेन्शन वाढेल का?’ अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या दोन पट्ट्यांत पन्नाशी ओलांडलेला जवळजवळ प्रत्येक पगारदार माणूस हा प्रश्न कधी ना कधी विचारतो. कुणी तो बँकेत विचारतो, कुणी कंपनीच्या अकाउंट्समध्ये, कुणी ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर. उत्तरं मिळतात ती बहुतेक अर्धवट असतात. ‘व्हीपीएफ वाढवा’ असं एक जण सुचवतो, ‘हायर पेन्शनचा फॉर्म भरा’ असं दुसरा सांगतो, ‘अटल पेन्शन घ्या’ असा तिसऱ्याचा सल्ला असतो. तिघं तीन वेगळ्या योजनांबद्दल बोलत असतात आणि विचारणाऱ्याला मात्र सगळं एकच वाटत असतं. ही गल्लत दूर करावी, एवढ्यासाठीच हे पुस्तक लिहिलं आहे.

उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. खासगी नोकरीतल्या माणसाची मुख्य पेन्शन म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना १९९५, म्हणजेच ईपीएस-९५. तिच्यात आपल्या मर्जीने जादा पैसे भरण्याची सोय १९९६ साली मिळाली आणि २०१४ साली काढून घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे ती काही महिन्यांपुरती परत आली आणि ११ जुलै २०२३ रोजी संपली. ज्यांचा अर्ज त्या तारखेपर्यंत गेला, त्यांच्यापुढे आज एक मोठा हिशेब आहे. बाकीच्यांना या योजनेत जादा रुपया भरता येत नाही. पण आपली भरलेली आणि विखुरलेली वर्षं त्यांना गोळा करता येतात, आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्यापलीकडे ऐच्छिक योजना आहेत, त्यांचं गणित स्वतंत्र आहे. पुस्तकाचे तीन भाग याच क्रमाने रचले आहेत.

आधी ही पेन्शन कशी बनते ते पाहू. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२चा. त्यात सुरुवातीला पेन्शन नव्हतीच. निवृत्तीच्या दिवशी फंडाची रक्कम हातात पडायची आणि संबंध संपायचा. १९७१ साली कुटुंब पेन्शन योजना आली. तिचा भर कामगाराच्या मृत्यूनंतर विधवेला आधार देण्यावर होता आणि कामगाराला स्वतःला म्हातारपणी दरमहा पैसे मिळण्याची तरतूद तिच्यात नव्हती. ती सोय १६ नोव्हेंबर १९९५ रोजी ईपीएस-९५ लागू झाल्यावर झाली. या योजनेत कामगाराच्या पगारातून काही कापलं जात नाही. त्याचे १२ टक्के पूर्णपणे फंडात जातात. मालकाच्या १२ टक्क्यांमधले ८.३३ टक्के पेन्शनकडे वळतात आणि केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. हे सगळं मात्र पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा सुरुवातीला ५,००० रुपये होती, १ जून २००१पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४पासून १५,००० झाली. म्हणून आज पगार २० हजार असो की दोन लाख, मर्यादेवर हिशेब करणाऱ्या कंपनीतून पेन्शनकडे दरमहा १,२५० रुपयेच जातात.

पेन्शनचं सूत्र एका ओळीत मावतं. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. किमान १० वर्षांची सेवा लागते. वय ५८ला पेन्शन सुरू होते आणि २० वर्षं पुरी केलेल्याला दोन वर्षं बोनस मिळतात. सूत्र सोपं आहे, पण त्यातला पगार म्हणजे आपला खरा पगार नव्हे, मर्यादेतला पगार. शिवाय १ सप्टेंबर २०१४च्या आधीची वर्षं जुन्या ६,५०० रुपयांच्या मर्यादेने आणि नंतरची १५,०००च्या मर्यादेने मोजली जातात.

उदाहरण घेऊ. समजा, एक जण डिसेंबर १९९५मध्ये भांडुपच्या एका कारखान्यात लागला आणि नोव्हेंबर २०२०मध्ये ५८व्या वर्षी निवृत्त झाला. सलग २५ वर्षं नोकरी, एकही खंड नाही. त्यातली पावणेएकोणीस वर्षं जुन्या मर्यादेत पडतात, त्यांचे १,७४१ रुपये होतात. सव्वासहा वर्षं नव्या मर्यादेत, त्यांचे १,३३९. बोनसची दोन वर्षं धरून पेन्शन सव्वातीन ते साडेतीन हजारांच्या दरम्यान येते. शेवटचा पगार ५० हजार असला, तरी पेन्शन एवढीच. वर्तमानपत्रांत ‘कमाल पेन्शन ७,५०० रुपये’ असं छापून येतं, ते १५,००० गुणिले ३५ भागिले ७० या गणितातून. पण त्यासाठी बोनस धरून सगळी ३५ वर्षं नव्या मर्यादेत मोजली जायला हवीत. म्हणजे २०१४पासून सलग ३३ वर्षं, थेट २०४७ साल.

१९९५च्या आधी लागलेल्यांची गोष्ट आणखी बिकट. १९७१च्या योजनेतल्या त्यांच्या वर्षांना ‘पूर्वसेवेचा लाभ’ म्हणून ठरावीक रक्कम मिळते. तक्त्यातली मूळ रक्कम ८० ते १७० रुपये, तिला नंतर एक गुणक लागतो. सत्तरच्या दशकात घाटकोपर-विक्रोळी-भांडुप-मुलुंड पट्ट्यात कामाला लागलेल्या आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला निवृत्त झालेल्या कामगाराच्या हाती दीड-दोन हजार का पडतात, त्याचं उत्तर या तक्त्यात आहे. आणि जी रक्कम एकदा ठरली ती ठरली, कारण या पेन्शनीला महागाई भत्ता नाही. २०१४ साली किमान पेन्शन १,००० रुपये झाली, तो आकडा हे लिहीपर्यंत तिथेच आहे. महाराष्ट्र सरकारच्या श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरच्या निराधार माणसाला काहीही न भरता दरमहा १,५०० रुपये मिळतात. ती मदत रास्तच आहे. पण वर्षानुवर्षं ज्याच्या नावावर पैसे जमा झाले, त्याची किमान हमी तिच्याहून कमी असावी, हे योजनेच्या रचनेवरचं भाष्य आहे.

मुंबईच्या उपनगरांत या योजनेचा अर्थ कळायचा तर इथल्या नोकऱ्यांचा इतिहास डोळ्यांपुढे हवा. गिरणगावाची गोष्ट मराठीत पुष्कळ लिहिली गेली, उपनगरांतल्या कारखान्यांची त्या मानाने कमी. लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना इंजिनीअरिंग, औषधं, रंग, टायर यांचे कारखाने होते. गोरेगाव-कांदिवलीकडे धागा, ट्रॅक्टर, लिफ्ट बनत होत्या. अंधेरीला मरोळची औद्योगिक वसाहत आणि १९७३ साली सुरू झालेलं सीप्झ. यातले काही कारखाने अजून आहेत. बरेच गेले आणि त्यांच्या जमिनींवर मॉल, टॉवर, आयटी पार्क उभे राहिले. गोरेगावच्या निरलॉनच्या जागेत आज नॉलेज पार्क आहे. विलेपार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना २०१६ साली बंद झाला.

कारखाना बंद होतो किंवा व्हीआरएस येते, तेव्हा कामगार ‘हिशेब’ घेतो. त्या हिशेबात फंड येतो, ग्रॅच्युइटी येते, आणि पुष्कळदा फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसेही काढले जातात. पुढची नोकरी लहान कंपनीत किंवा ठेकेदाराकडे, तिथे नवा फंड क्रमांक. आणखी चार वर्षांनी तिसरी नोकरी. माणूस तीस वर्षं राबलेला असतो, पण पेन्शन कार्यालयाच्या नोंदीत त्याची वर्षं सात, चार आणि नऊ अशी तुटक असतात. त्यातली काही काढून घेतलेली, काही जुन्या ‘एमएच/बीएएन’ने सुरू होणाऱ्या खात्यांत पडून राहिलेली. यूएएन, म्हणजे प्रत्येक सदस्याचा एकच कायमचा क्रमांक, २०१४ साली आला. त्याआधीच्या नोकऱ्या जोडून घेणं ज्याचं त्याच्यावर आहे.

म्हणून पुस्तकाचा पहिला भाग पैशांवर नाही, वर्षांवर आहे. जुन्या नोकरीची सेवा काढून घेतली नसेल, तर ती आजच्या खात्याला जोडता येते. अनेकदा फंडाची रक्कम नव्या खात्यात आलेली असते, पण पेन्शनची सेवा आलेली नसते. पासबुकात रक्कम दिसली म्हणजे सेवाही जोडली गेली, असं समजून माणूस निर्धास्त राहतो आणि पेन्शन मागण्याचा फॉर्म १०-डी भरण्याच्या वेळी त्याला वर्षं कमी असल्याचं कळतं. जुन्या कार्यालयाकडून आलेलं सेवेच्या तपशिलाचं ‘ॲनेक्शर के’ तपासणं, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख दुरुस्त करून घेणं, आधार आणि फंड यांतली नावाची स्पेलिंग जुळवणं, ही कामं कंटाळवाणी आहेत. पण नऊ वर्षांवर अडकलेला माणूस त्यातून दहाच्या पुढे जाऊ शकतो, आणि दहा वर्षं भरली तरच पेन्शन, नाहीतर नाही. अठरा वर्षांवरचा माणूस विसाव्या वर्षाला पोहोचला, तर वर दोन वर्षांचा बोनस.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ‘पेन्शनचे पैसे कधीच काढू नका’ असा सरसकट उपदेश मी करणार नाही. पाच वर्षांची सेवा काढली, तर साधारण पाच महिन्यांच्या पेन्शनपात्र पगाराइतकी, म्हणजे आजच्या मर्यादेत ७५ हजारांच्या आसपास रक्कम मिळते. त्याच पाच वर्षांची ५८नंतर मिळणारी पेन्शन दरमहा १,०७१ रुपये. तिशीतल्या माणसाने ती रक्कम खरोखर २८ वर्षं ८ टक्क्यांनी गुंतवून ठेवली, तर कागदावर तो पुढे जातो. पण काढलेली रक्कम २८ वर्षं न मोडता राहिलेली घरं फार थोडी. वय जितकं ५८च्या जवळ, तितकं गणित पेन्शनच्या बाजूला झुकतं. शिवाय रकमेऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेतलं, तर दोन गोष्टी टिकतात. सेवेची वर्षं शाबूत राहतात आणि ५८च्या आधी मृत्यू आला, तर कुटुंबाचा पेन्शनचा हक्कही राहतो. सर्टिफिकेटमागचा हा विमा बँकेतली ठेव देत नाही.

आता व्हीपीएफ, म्हणजे ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधी. आपल्या १२ टक्क्यांवर आणखी रक्कम कापून घेण्याची ही सोय चांगलीच आहे. मूळ पगार आणि महागाई भत्त्याइतकी पूर्ण रक्कमही त्यात घालता येते. व्याज फंडाच्या दराने मिळतं, २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी ते ८.२५ टक्के होतं. वर्षाला अडीच लाखांपेक्षा जास्त वर्गणीवरचं व्याज १ एप्रिल २०२१पासून करपात्र झालं, एवढं ध्यानात ठेवावं. पण व्हीपीएफचा रुपया फंडात जातो. पेन्शनच्या सूत्रात तो कुठेच येत नाही. दहा वर्षं व्हीपीएफ भरलेल्याची आणि न भरलेल्याची ईपीएस पेन्शन अगदी सारखीच येते. निवृत्तीच्या दिवशी हाती येणारी रक्कम वाढवायची तर व्हीपीएफ भरावा. पेन्शन वाढेल, या समजुतीने भरू नये.

दुसरा भाग वाढीव पेन्शनचा, ज्याला सगळे ‘हायर पेन्शन’ म्हणतात. १६ मार्च १९९६ रोजी योजनेत एक परंतुक घालण्यात आलं. कामगार आणि मालक दोघांनी मिळून पर्याय दिला, तर मर्यादेऐवजी पूर्ण पगारावर ८.३३ टक्के पेन्शनकडे वळवता येतील. सरकारी भाषेतली ही एक ओळ फार थोड्या कारखान्यांच्या फलकावर लागली. कामगारांना पत्ता नव्हता आणि कंपन्यांना गरज वाटली नाही. पुढे ज्यांनी मागणी केली, त्यांना फंड कार्यालयाने मुदत संपल्याचं सांगितलं. हिमाचल प्रदेशातल्या कर्मचाऱ्यांच्या आर. सी. गुप्ता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१६ रोजी अशी मुदत लावता येणार नाही असा निर्णय दिला. तोवर १ सप्टेंबर २०१४च्या दुरुस्तीने ते परंतुकच गेलं होतं. त्याच दुरुस्तीने पेन्शनपात्र पगार शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांच्या सरासरीवर नेला. केरळ उच्च न्यायालयाने २०१८ साली ती दुरुस्ती रद्द केली आणि प्रकरण पुन्हा दिल्लीला गेलं.

४ नोव्हेंबर २०२२ रोजी सरन्यायाधीश उदय लळित, न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस आणि न्यायमूर्ती सुधांशू धुलिया यांच्या पीठाने निकाल दिला. न्यायमूर्ती लळित त्यानंतर चारच दिवसांनी निवृत्त झाले. २०१४ची दुरुस्ती बरीचशी वैध ठरली, ६० महिन्यांची सरासरी कायम राहिली. पण १ सप्टेंबर २०१४ रोजी नोकरीत असलेल्या आणि मर्यादेपेक्षा जास्त पगारावर फंड भरणाऱ्या सदस्यांना पर्याय देण्यासाठी चार महिने मिळाले. त्याआधी पर्याय न देताच निवृत्त झालेल्यांना काही मिळालं नाही. मुदत ३ मार्च २०२३वरून ३ मे, मग २६ जून आणि शेवटी ११ जुलैपर्यंत वाढली. देशभरातून सुमारे साडेसतरा लाख अर्ज गेले. नंतर मालकांना त्या अर्जांची पडताळणी करायला ३१ जानेवारी २०२५पर्यंत वेळोवेळी मुदत मिळत गेली.

उपनगरांतल्या कामगारांची खरी अडचण इथेच होती. हा पर्याय संयुक्त होता, म्हणजे मालकाने दुजोरा द्यायचा. कारखाना चालू असेल तर मनुष्यबळ विभागाच्या मागे लागता येतं. कारखाना बंद असेल किंवा कंपनी दुसऱ्या नावाने विकली गेली असेल, तर पंधरा-वीस वर्षांच्या पगारपत्रकांना दुजोरा देणार कोण? वांद्रे पूर्वेच्या भविष्यनिधी भवनात किंवा कांदिवली आणि ठाण्याच्या कार्यालयांत खेटे घालूनही हे कोडं सुटत नव्हतं. स्वतःचा ट्रस्ट चालवणाऱ्या, सूट मिळालेल्या मोठ्या कंपन्यांमध्ये वेगळाच पेच निघाला. ट्रस्टच्या नियमावलीत मर्यादेपलीकडच्या वर्गणीची सोय कशी लिहिली आहे, यावर कामगारांचे अर्ज अडले. या सगळ्याची माहिती दुसऱ्या भागात आहे, कारण ज्यांची प्रकरणं अजून चालू आहेत त्यांना ती लागेल.

ज्यांना मागणीपत्र आलं, त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा नव्हता. एवढ्या वर्षांचा फरक अधिक फंडाच्या दराने व्याज भरायचं, त्यावर १ सप्टेंबर २०१४नंतरच्या १५,०००पेक्षा जास्त पगारावर १.१६ टक्के. रक्कम सहज काही लाखांत जाते. नोकरीत असलेल्याच्या फंडातून ती वळती होते, फंड काढून बसलेल्याला बँकेतून भरावी लागते. भरावी का?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणासाठी. समजा मागणी १८ लाखांची आहे आणि ती भरल्यावर पेन्शन दरमहा २० हजारांनी वाढते. साडेसात वर्षांत पैसे वसूल, असं बहुतेक जण म्हणतात. हे गणित अपुरं आहे. तेच १८ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवले तर दरमहा साडेदहा हजार व्याज येतं आणि मुद्दल आपलंच राहतं. म्हणजे पेन्शनचा खरा जादा लाभ साडेनऊ हजारांचा. त्यातून गेलेलं मुद्दल भरून यायला पंधरा-सोळा वर्षं लागतात, व्याजावर व्याज धरलं तर अकराच्या आसपास. ५८व्या वर्षी सुरू झालेली पेन्शन व्याजावर व्याज न धरता चौऱ्याहत्तराव्या आणि ते धरून एकोणसत्तराव्या वर्षाच्या आसपास खऱ्या अर्थाने फायद्यात येते. त्यानंतर जितकी वर्षं आयुष्य, तितका लाभ.

यावर दोन गोष्टींचा परिणाम होतो. पहिली, मुद्दल परत मिळत नाही. भांडवल परतीची आणि पेन्शन विकण्याची सोय सप्टेंबर २००८मध्ये बंद झाली. दुसरी, जोडीदाराचं वय. पेन्शनरच्या मागे पत्नीला किंवा पतीला निम्मी पेन्शन मिळते. पत्नी आठ-दहा वर्षांनी लहान असेल, तर ही निम्मी पेन्शन फार मोलाची. दोघंही आजारी असतील, घरात मोठा खर्च उभा असेल, किंवा मुलांना घरासाठी मुद्दल लागणार असेल, तर न भरण्यातही शहाणपण असू शकतं. म्हणून ‘हायर पेन्शन घ्याच’ किंवा ‘घेऊच नका’ असं म्हणणाऱ्या दोघांपासूनही सावध राहावं. पुस्तकात या हिशेबाचा कोरा तक्ता दिला आहे. त्यात आपले आकडे घालून घरच्यांसमोर मांडावेत.

पेन्शन वाढवण्याची आणखी एक छोटी वाट फारशी कुणाला माहीत नसते. पेन्शन ५८ऐवजी ६०व्या वर्षी सुरू केली, तर दर वर्षाला ४ टक्के वाढ मिळते. दोन वर्षांची पेन्शन सोडून सव्वाआठ टक्क्यांच्या आतली वाढ घेतली, तर ती भरून यायला सुमारे साडेचोवीस वर्षं लागतात, म्हणजे वय चौऱ्याऐंशी. नोकरी चालू असून त्या दोन वर्षांची वर्गणीही चालू राहिली तर गोष्ट वेगळी, नुसतं थांबण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

ऐच्छिक भरणा म्हणजे काय, हे परदेशात गेलेल्या मराठी घरांकडून नीट कळतं. ब्रिटनमध्ये पूर्ण सरकारी पेन्शनला ३५ वर्षांची नॅशनल इन्शुरन्स वर्गणी लागते आणि किमान १० वर्षं. मधे खंड पडला असेल तर ‘क्लास ३’ नावाची ऐच्छिक वर्गणी भरून तो भरता येतो. २०२५-२६ मध्ये तिचा दर आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे वर्षाला सुमारे ९२३ पौंड. एका भरलेल्या वर्षाने पेन्शन आठवड्याला साधारण साडेसहा पौंडांनी वाढते, वर्षाला सुमारे ३४२. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल होतात. २००६पासूनचे जुने खंड भरण्याची खास मुदत ५ एप्रिल २०२५ रोजी संपली, तोवर तिथल्या अनेक घरांत याचीच चर्चा होती. त्यातही एक मेख आहे. ब्रिटिश पेन्शनर कायमचा भारतात राहायला आला, तर त्याची पेन्शन त्या रकमेवर गोठते आणि दरवर्षीची वाढ मिळत नाही. मुलुंडला परतण्याचा बेत असलेल्याने हिशेब त्याप्रमाणे करावा.

तिथल्या आणि इथल्या व्यवस्थेतला फरक सरळ आहे. तिथे तुटलेलं वर्ष पैसे देऊन भरता येतं. इथे वर्ष विकत मिळत नाही, कागद शोधून जोडावं लागतं. म्हणून आपल्याकडे जुनी पगारपत्रकं आणि फंडाच्या स्लिपा रद्दीत घालणं, हा म्हातारपणाचा सर्वांत मोठा तोटा ठरतो.

तिसरा भाग ईपीएसच्या बाहेर राहिलेल्यांसाठी. यात दोन अगदी वेगळे गट आहेत. एक, सीप्झ आणि अंधेरी-गोरेगावच्या आयटी कार्यालयांतली तरुण मंडळी. १ सप्टेंबर २०१४नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि १५,०००पेक्षा जास्त पगार असलेल्या माणसाला ईपीएसचं सदस्यत्वच नाही. मालकाचे पूर्ण १२ टक्के त्याच्या फंडात जातात. फंड फुगलेला दिसतो, पण दरमहा पेन्शन नाही, हे त्यांतल्या बहुतेकांच्या लक्षातही आलेलं नसतं. त्यांच्यासाठी १ मे २००९पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, हा मुख्य पर्याय. तिथे पेन्शनची हमी नाही, जमा रकमेचा ठरावीक हिस्सा वार्षिकीत घालून पेन्शन घ्यायची.

दुसरा गट घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षाचालक, फेरीवाले, छोटे दुकानदार यांचा. त्यांच्यासाठी १ जून २०१५पासून अटल पेन्शन योजना आहे. वय १८ ते ४०, ६०नंतर १,००० ते ५,००० रुपयांची हमी पेन्शन. पाच हजारांसाठी १८व्या वर्षी लागलेल्याला महिन्याला २१० रुपये भरावे लागतात, २५व्या वर्षी ३७६, ३५व्या वर्षी ९०२ आणि ४०व्या वर्षी १,४५४. १ ऑक्टोबर २०२२पासून आयकर भरणाऱ्यांना त्यात नव्याने प्रवेश नाही. २०१९ साली आलेल्या श्रमयोगी मानधन योजनेत ३,००० रुपयांची हमी असून जितकं आपण भरतो तितकंच सरकार घालतं. पस्तिशीतल्या बाईला तिथे महिन्याला १५० रुपयेच पडतात. सरकारचा वाटा असल्याने पात्र असलेल्यांनी आधी या योजनेचा विचार करावा.

पण दोन्हीकडे हमी रुपयांची आहे, त्या रुपयात काय येईल त्याची नाही. महागाई ६ टक्के धरली, तर २५ वर्षांनी मिळणाऱ्या पाच हजारांत आजच्या सुमारे बाराशे रुपयांची खरेदी होईल. म्हणजे या योजना घ्याव्यात, पण त्यांवर म्हातारपण तोलू नये.

या सगळ्या वैयक्तिक हिशेबाच्या पलीकडे एक सार्वजनिक प्रश्न आहे. २०१३ साली राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन ३,००० रुपये करण्याची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, पण शिफारस तशीच राहिली. बुलढाण्यात मुख्यालय असलेली, कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालची ईपीएस-९५ पेन्शनरांची राष्ट्रीय संघर्ष समिती किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागते आहे. १ नोव्हेंबर २००५पूर्वी राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्याला जुनी पेन्शन आणि महागाई भत्ता, त्याच इमारतीत राहणाऱ्या कारखान्यातल्या कामगाराला सव्वातीन हजार, हा फरक कुठल्याही ऐच्छिक भरण्याने मिटणारा नाही. तो धोरणानेच मिटेल. या पुस्तकातला सल्ला त्या मागणीला पर्याय म्हणून दिलेला नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करायच्या आहेत.

पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचायची गरज नाही. नोकरीत असाल तर पहिला भाग, मागणीपत्र हातात असेल तर दुसरा, फंडाच्या बाहेर असाल तर तिसरा. नियम बदलत राहतात. ऑक्टोबर २०२५मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने नोकरी सुटल्यावर पेन्शनची रक्कम काढण्यासाठीचा काळ २ महिन्यांवरून ३६ महिने करण्याचा निर्णय घेतला, नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली. म्हणून पैसे भरण्याआधी किंवा काढण्याआधी त्या दिवशीचा नियम कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावा. एजंटच्या शब्दावर सही करू नये.

वाचकाला एवढीच विनंती. या आठवड्यात आपलं यूएएन पासबुक उघडा आणि आतापर्यंतच्या सगळ्या नोकऱ्यांची यादी शेजारी ठेवा. जी नोकरी पासबुकात दिसत नाही, तिची कागदपत्रं आधी शोधा. दहा वर्षं भरतात का, वीस भरतात का, हे कळल्यावरच जादा पैसे कुठे घालायचे ते ठरवा. आणि हा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करा, कारण या पेन्शनवर शेवटी दोघांपैकी एकालाच राहायचं असतं, तेही पुष्कळदा निम्म्या रकमेत.